रक्तदाबाचा आकडा लिहून मागा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आमच्याकडून अपेक्षा अर्थातच इतिहासाची होती. विद्यालयाची वाटचाल, वसतिगृहाचे सुरुवातीचे कष्टाचे दिवस, येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे कर्तृत्व या विषयांवर आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेतच. आम्ही मात्र वरकरणी वैद्यकाचा वाटणारा एक विषय निवडला आहे. दवाखान्यात रक्तदाब वाढलेला दिसतो, डॉक्टर 'काही नाही' म्हणतात आणि आपण उठून घरी येतो. अशा वेळी शिकलेल्या माणसाने काय करावे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. तो आम्हांला का पडला, हे आधी सांगितले पाहिजे.

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अनेक वर्षे राबलेल्या मावशी माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. त्यांचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्यांच्या हातची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांना ते सांगण्याची गरज नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचे डोके वारंवार दुखू लागले, म्हणून आम्ही त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १७०/१००. "मावशी, घाबरल्यामुळे वाढलंय. या वयात एवढं चालायचंच," असे म्हणून त्यांनी डोकेदुखीची गोळी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आकडा जवळपास तोच आणि उत्तरही तेच. तिसऱ्या खेपेला मावशींनी आमच्याकडे पाहिले. गुरुजी काही तरी विचारतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही इतिहासाचे एम.ए., वर्गात मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारे. आणि आम्ही "बरं, डॉक्टरसाहेब" म्हणून उठलो.

दिवाळीची सुट्टी संपून मुले परत आली, त्याच आठवड्यात एका पहाटे मावशींच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात निकामी झाला, बोलणे अडखळले. वेळेवर औषध सुरू झाले असते तर हे टळलेच असते, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु धोका बराच कमी झाला असता, हे निश्चित. मोठ्या रुग्णालयात पहिला प्रश्न विचारला गेला, "आधीचे बीपीचे कागद आहेत का?" कागद नव्हते. तीन वेळा मोजलेला आकडा एकदाही लिहिला गेला नव्हता. ज्याची नोंद नाही, त्याचा इतिहास लिहिता येत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आणि नेमकी ती नोंद मागण्याचे आम्हांला सुचले नाही. या लेखामागे ती खंत आहे.

आकडा काय सांगतो

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या वेळी रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या दरम्यान हृदय सैल असतानाचा दाब म्हणजे खालचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी नीट मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन आकड्यांपैकी एक जरी वाढलेला असला, तरी तो धरला जातो. घरी मोजताना हीच मर्यादा १३५/८५ मानली जाते, कारण घरी माणूस अधिक निवांत असतो.

या विकाराची अडचण अशी, की तो बहुधा दुखत नाही. माणूस शेतावर जातो, पाळी करतो, लग्नाच्या वरातीत नाचतो आणि आतल्या आत वाढलेला दाब मेंदू, हृदय, मूत्रपिंडे व डोळे यांच्या रक्तवाहिन्या झिजवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितल्याप्रमाणे जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतील जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. पत्ता लागण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोजणे. म्हणूनच मोजूनही 'काही नाही' असे उत्तर मिळाले, तर हाती आलेला एकमेव पुरावा वाया जातो.

येथे डॉक्टरांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एका आकड्यावरून आयुष्यभराचे औषध सुरू करू नये, हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे. पांढरा कोट पाहिला की काहींचा दाब खरोखर वाढतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल, हात लोंबकळत असेल किंवा रुग्ण जिने चढून आल्या आल्या खुर्चीत बसला असेल, तरी आकडा फुगतो. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरांना पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजायला सवड नसते, हेही आपण पाहतो. परंतु आकडा घाबरल्यामुळे वाढला, ही एक शंका आहे. ती तपासून पाहायची असते. पुन्हा मोजून, घरी नोंद ठेवायला सांगून किंवा चोवीस तास दाब मोजणारे यंत्र लावून ती तपासता येते. न तपासता रुग्णाला घरी पाठवणे आणि रुग्णाने निमूटपणे जाणे, या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

'वयाप्रमाणे चालायचंच' या उत्तराला मात्र आज आधार नाही. 'शंभर अधिक वय' इतका वरचा दाब स्वाभाविक, असा एक जुना हिशेब लोकांच्या तोंडी अजून आहे. त्या हिशेबाने साठीच्या माणसाला १६० चालतो. हा हिशेब किती महाग पडू शकतो, याचा एक पुरावा इतिहासात आहे.

राष्ट्राध्यक्षांचा आकडा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या रक्तदाबाच्या नोंदी उपलब्ध आहेत. १९३५ मध्ये १३६/७८, १९३७ मध्ये १६२/९८, १९४० मध्ये १७८/८८ आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. आकडा असा वाढत होता. पण त्यांचे नेहमीचे डॉक्टर रॉस मॅकिंटायर, जे मुळात कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते, अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे असेच सांगत राहिले. १९४४ च्या मार्चमध्ये रुझवेल्ट यांना धाप लागू लागली, चेहरा उतरला. तेव्हा त्यांची कन्या ॲना हिने आग्रह धरला आणि हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी झाली. दाब होता १८६/१०८, हृदय मोठे झाले होते आणि त्याची शक्ती क्षीण होत चालली होती. पुढे साधारण वर्षभराने, १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रुझवेल्ट यांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० च्या वर गेला होता. ब्रुएन यांनी १९७० मध्ये ही सारी हकिकत प्रसिद्ध केली. आपल्या प्रकृतीविषयी रुझवेल्ट यांनी त्यांना कधी प्रश्न विचारला नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे.

त्या काळच्या डॉक्टरांना एक सवलत दिली पाहिजे. दाब कमी करणारे खात्रीचे औषध तेव्हा त्यांच्याजवळ नव्हते आणि वाढलेला दाब ही शरीराची गरजच असावी, असे अनेक मोठे वैद्य मानत. पुढे चित्र पालटले. आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या वनस्पतीच्या उपयोगाविषयीचा शोधनिबंध ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष त्याकडे गेले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. नंतर अनेक सुरक्षित औषधे आली आणि दाब आटोक्यात ठेवल्यास अर्धांगवायू व हृदयविकार टळतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले. ज्या काळी औषध नव्हते, त्या काळचे उत्तर आज दिले जात असेल, तर त्याबद्दल विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आपला इतिहास आणि आपली भीड

रुझवेल्ट यांनी प्रश्न विचारला नाही, तो कदाचित स्वभावामुळे. आपण विचारत नाही, त्याची कारणे अधिक जुनी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात प्रसिद्ध झाले होते. बाळंतपणानंतर दोन दिवसांनी त्याची पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा रुग्णाला वस्तीबाहेर आणावे या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने आकडा वाचला, न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि औषध पाठवून दिले. पुन्हा पाहायला तो आला नाही. ती माता मरण पावली.

आजच्या डॉक्टरांची त्या डॉक्टरशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या हकिकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली ही, की आकडा वाचणे म्हणजे रुग्णाला तपासणे नव्हे. दुसरी ही, की त्या शिक्षकाने घडलेले सारे क्रमाने लिहून काढले, म्हणूनच बाबासाहेबांना ते जगापुढे मांडता आले आणि आज जवळपास शंभर वर्षांनीही ते आपल्यापर्यंत पोहोचते. दाराबाहेर उभे राहण्याची सक्ती कायद्याने संपली. पण टेबलापलीकडच्या माणसाला प्रश्न विचारला तर तो रागावेल, ही भीड पिढ्यान् पिढ्या आपल्या अंगात मुरलेली आहे. मावशींसोबत बसलेल्या आमच्याही अंगात ती होती. केवळ सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना दिलेला तथागतांचा उपदेश आपण विहारात ऐकतो. तो दवाखान्यातही लागू आहे.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

आपले म्हणणे डावलले जाऊ नये असे वाटत असेल, तर आधी आपला आकडा निर्दोष असला पाहिजे. त्यासाठी मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी, विडी घेऊ नये. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंडावर कपडा नसावा, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकलेला असावा, मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचा दाब पाहावा आणि ज्या हाताचा अधिक येईल, तोच पुढे धरावा.

घरी यंत्र असल्यास ते मनगटाचे नसून दंडाला पट्टा बांधण्याचे असावे. प्रत्येक घराला ते परवडेल असे नाही. चार घरांनी, बचत गटाने किंवा विहाराच्या समितीने मिळून एक घेतले तरी चालते. सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजावे. तारीख, वेळ, वरचा व खालचा आकडा आणि नाडीचे ठोके अशी वहीत ओळ आखावी. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी. आपल्या सातवीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज येते. आजीची वही त्याच्याकडे सोपवावी. 'घाबरल्यामुळे वाढला' या शंकेचे उत्तर ही वही देते. सरासरी कमी आली, तर डॉक्टरांचे खरे ठरले आणि चिंता मिटली. जास्त आली, तर बोलणे पुढे न्यायला आधार मिळाला.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

भांडण करायचे नाही. नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारायचे. आम्ही आता चार वाक्ये पाठ केली आहेत, ती वाचकांसाठी देतो.

"डॉक्टरसाहेब, आजचा आकडा केसपेपरवर लिहून द्याल का?"

"पुन्हा कधी मोजायचा आणि किती आला तर औषध सुरू करायचे?"

"लघवीतील प्रथिने, क्रिएटिनीन, रक्तातील साखर आणि ईसीजी यांची तपासणी करावी का? नको असेल, तर का नको?"

"सध्या औषध नको असे आपले मत असेल, तर त्याचे कारण कागदावर लिहाल का?"

शेवटचे वाक्य उच्चारायला धीर लागतो. म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि सोबत गेलेल्याने आमच्यासारखे गप्प बसू नये. बहुतेक डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट खुर्चीत सावरून बसतात, असा आमचा अनुभव आहे. एवढे विचारूनही उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. यात पहिल्यांचा अपमान नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आजाराची माहिती मिळण्याचा, आपल्या कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क स्पष्टपणे मांडलेला आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार, म्हणजे २००२ च्या नियमांनुसार, रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे.

पैशाची अडचण असल्यास सरकारी आरोग्य केंद्र वा रुग्णालय गाठावे. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तेथे मोफत होते. २०१७ मध्ये देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता आणि आपल्या कोकणातील सिंधुदुर्ग जिल्हा त्यात आरंभीच घेतला गेला. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे, ठरलेल्या क्रमाने साधी व स्वस्त औषधे देणे आणि दर महिन्याला पुन्हा मोजणे, एवढ्यावर तो उपक्रम उभा आहे. त्याचाही पाया नोंद हाच आहे.

ज्यांनी कधीच थांबू नये

काहींच्या बाबतीत 'बघू पुढच्या महिन्यात' हे चालत नाही. गरोदर स्त्रीचा दाब १४०/९० किंवा अधिक येणे, त्यासोबत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा चेहरा-हातांवर सूज येणे, ही धोक्याची खूण आहे. 'पहिलटकरणीला असं होतंच' असे सासूने सांगितले किंवा डॉक्टरांनी, तरी त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. पंचविशी-तिशीतल्या मुलाचा दाब सतत वाढलेला असेल, तर मूत्रपिंडाचा किंवा एखाद्या ग्रंथीचा विकार शोधावा लागतो. 'तरुण आहेस, टेन्शन घेऊ नकोस' हे त्यावर उत्तर नव्हे. आणि दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काही दिसले, तर वही-पेन बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या डोलवी परिसराविषयी दोन शब्द. एका बाजूला धरमतरची खाडी, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि कारखान्यांच्या पाळ्या यांमध्ये आपले आयुष्य चालते. खारेपाटातल्या जेवणात सुकट, खारे बोंबील, लोणचे आणि पेणचे पापड असायचेच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका सपाट चमच्याहूनही कमी मीठ पुरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात त्याहून किती तरी अधिक जाते. रात्रपाळीने झोप मोडते, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या जातात. त्यांतील काही गोळ्याही दाब वाढवतात. हे आपल्या हातात आहे आणि ते डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगणेही आपलेच काम आहे. एकदा औषध सुरू झाल्यावर आकडा उतरला म्हणून ते मनाने बंद करू नये; तो औषधामुळेच उतरलेला असतो.

मावशी आता गावी मुलाकडे असतात. डाव्या हाताने जेवतात, हळू बोलतात. त्यांची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या नातीने उशीखालून एक वही काढून दाखवली. दर रविवारी दाब मोजून तिने तारखेसह लिहिला होता. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, आता डॉक्टरनं आकडा नाही सांगितला, तर मीच विचारते."

या स्मरणिकेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. घरी गेल्यावर आई-वडिलांचा दाब मोजा, वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत दवाखान्यात जा. प्रश्न विचारायची वेळ आली, तर त्यांनी तुमच्याकडे पाहण्याची वाट पाहू नका.

जय भीम!